तुटक्या दस्त्याची चोरी

१

सोनं चोरणारे मी पाहिलेत, सायकली चोरणारे पाहिलेत. एकदा तर वाजत्या बँडमधून ढोल पळवणारा माणूसही पाहिलाय. त्याला पकडणं सोपं गेलं, कारण पळताना प्रत्येक पावलाला तो वाजत होता. पण बंदुकीचा तुटका दस्ता चोरणारा चोर मी जन्मात एकदाच पाहिला.

दस्ता म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. आमच्या गल्लीच्या टोकाला उस्तादांचं दुकान आहे. ते नवे दस्ते करतात, जुने दुरुस्त करतात. छताला टांगलेले दस्ते, जमिनीवर भुसा आणि हवेत जवसाच्या तेलाचा वास. तो वास इतका दाट की मी रोज सकाळी तिथं बसून पेपर वाचतो आणि घरी येतो तेव्हा आमची मांजर मला ओळखत नाही.

त्या सोमवारी उस्तादांनी कुलूप काढलं, मी माझं स्टूल ओढलं, आणि उस्ताद कामाच्या टेबलाशी तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दस्ता कुठाय?"

"कुठला?"

"आत्याबाईंचा. जुना. तुटलेला."

टेबलावर मऊ फडकं अंथरलेलं होतं. फडक्यावर दस्त्याच्या आकाराचा तेलाचा डाग होता. दस्ता नव्हता.

आता हा दस्ता म्हणजे काय होतं, ते ऐका. आत्याबाई माझ्या आत्या नव्हेत, कुणाच्याच नव्हेत. सगळी वस्ती त्यांना आत्याबाई म्हणते, एवढंच. वय सत्तरीच्या आसपास, दुनळी बंदूक वयानं त्यांच्याही वरची. दर वर्षी नेमबाजी मंडळाच्या मैदानावर हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडण्याचा सामना होतो, आणि त्यात शेवटी दोघंच उरतात: आत्याबाई आणि कप्तान. कप्तान म्हणजे पूर्वी फेरीबोट चालवणारे गृहस्थ. दोघांचे आजवरचे विजय अगदी बरोबरीत. कोण वरचढ, ते येत्या रविवारी ठरणार होतं.

आणि पंधरवड्यापूर्वी आत्याबाईंच्या सूनबाईंनी गाडीच्या डिकीचं झाकण दाणकन लावलं. आत बंदूक तिरपी ठेवलेली होती. दस्त्याची मान, म्हणजे जिथं मूठ पकडते तो बारीक भाग, मधोमध चिरली.

"सरस लावून चालणार नाही का?" आत्याबाईंनी विचारलं होतं.

"लाकूड वर्षानुवर्षं तेल प्यायलंय, बाई," उस्ताद म्हणाले होते. "सरस धरणार नाही. पहिल्याच बाराला पुन्हा उघडेल. नवाच करू. पण जुना माझ्यापाशी राहू द्या, त्यावरून नक्कल करतो."

त्या नकलेतच सगळं होतं. आत्याबाई डावऱ्या. उजव्या खांद्याच्या माणसाचा दस्ता मागं जाताना किंचित उजवीकडं वळतो, म्हणजे गाल टेकला की डोळा बरोबर नळ्यांच्या रेघेत येतो. त्यांचा डावीकडं वळलेला होता. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर होते. दर वर्षी सामना झाला की ते आत्याबाईंना विचारायचे, "कुठं टोचतंय?" आणि कवळी बसवावी तसा तो दस्ता कानशीनं इथं थोडा, तिथं थोडा घासून द्यायचे. डॉक्टर गेले, पण त्यांनी घासलेला दस्ता आत्याबाईंच्या गालाला तसाच बसत राहिला.

शिकंज्यात नवं अक्रोडाचं लाकूड आवळलेलं होतं. पुढच्या अर्ध्यात उस्तादांनी बंदुकीचं लोखंड बसवण्याची खाच कोरून संपवली होती. मागचा अर्धा अजून चौकोनी ठोकळाच. पुढून बंदूक, मागून ओंडका.

"आता त्यांच्या खांद्याचं माप घेऊन करा की," मी म्हटलं.

"करीन. पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी दस्ता होईल," उस्ताद म्हणाले आणि भुशातच खाली बसले. "रविवारी त्या हे घेऊन उभ्या राहिल्या ना, तर चकत्या सोडून ढग पाडतील."

लोखंडी कपाटात आत्याबाईंच्या बंदुकीच्या नळ्या आणि चापाची कळ कुलपात सुखरूप होत्या. कोपऱ्यात अक्रोडाच्या महागड्या फळ्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नव्हता. चोरानं तेवढं एकच लाकूड नेलं होतं, जे कुणाच्या चुलीत घालायच्याही लायकीचं नव्हतं.

मी उठलो आणि ताईला बोलावून आणलं.

२

ताई माझी थोरली बहीण. सबंध नोकरी तिनं परीक्षांवर देखरेख करण्यात घालवली. कुणी म्हणतं ती पाठमोरी असतानाही कॉपी पकडायची. मी म्हणतो, एकदा ती आजारी होती आणि तिची नुसती चप्पल वर्गाबाहेर ठेवली, तर तीन पोरांनी आपणहून चिठ्ठ्या आणून दिल्या. ताई म्हणते एकच पोरगा होता. तिला गोष्ट सांगता येत नाही.

दुकानात येऊन तिनं काही मोजलं नाही, भिंग काढलं नाही. फडक्यावरच्या डागाकडं बघून ती स्टुलावर बसली. माझ्या स्टुलावर.

"रविवारी तर दुकान बंद. शनिवारी कोण कोण आलं होतं?"

"दुपारनंतर दोघंच," उस्ताद म्हणाले. "आत्याबाईंच्या सूनबाई आल्या होत्या, दस्ता कुठवर आला विचारायला. मग कप्तान."

"रिकाम्या हातांनी?"

उस्ताद आठवू लागले. "सूनबाईंच्या हातात पडद्याच्या कापडाची मोठी पिशवी होती. कप्तानांकडं त्यांच्या बंदुकीची पेटी. चाप घट्ट झालाय, दाखवायचाय म्हणाले. मी कपाटातल्या नळ्या पुसत होतो, म्हटलं जरा थांबा. वळून बघतो तर निघाले. म्हणे परत कधीतरी येतो."

"पेटी उघडली होती?"

"उघडायला वेळच कुठं होता."

"आणि दोघांकडं तुमची पाठ होती."

"माझी पाठ सगळ्यांकडंच असते, ताई. तोंड कामाकडं असतं." उस्तादांनी आवाज खाली आणला. "पण मी सांगू का? त्या दोघांना सोडा. हे माझ्या मेव्हण्याचं काम आहे."

त्यांचा मेव्हणा म्हणजे मागच्या गल्लीतला फर्निचरवाला. दोघांत बोलणं नव्हतं. एकदा जेवताना उस्ताद म्हणाले होते, तुझ्या खुर्च्या बसणाऱ्यापेक्षा आधी दमतात. तेव्हापासून मेव्हणा बहिणीला भेटायला यायचा तो उस्ताद घरी नाहीत बघून.

"तो आला होता का दुकानात?"

"छे. पण मागची खिडकी त्याच्या गल्लीत उघडते."

ताईनं खिडकीकडं बघितलं. खिडकीच्या फळीवर भुसा साचलेला होता, बोटभर, अगदी सपाट, जसा काही कुणी इस्त्री फिरवलेला.

"या खिडकीतून मुंगीसुद्धा आलेली नाही," ताई म्हणाली. "पण मेव्हण्यांना भेटायला हरकत नाही. आधी आत्याबाईंकडं जाऊ."

तोवर दारात सावली पडली. आत्याबाईच आल्या होत्या, हसतमुख, हातात छत्री. "उस्ताद, गाल लावून बघायचा का आज?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. सांगावं लागलं ते ताईला.

आत्याबाईंनी ते रिकामं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडून होतं तसं ठेवलं. मग म्हणाल्या, "मी नाही उभी राहिले तरी सामना होईलच. कप्तान एकटे जिंकतील. मला त्याचं काही नाही. पण आमच्या ह्यांच्या हातचं तेवढंच होतं माझ्याकडं."

त्या गेल्यावर ताई स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "रविवारच्या आत."

३

मंगळवारी आम्ही सूनबाईंकडं गेलो. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात लांबट, कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आम्हाला बघून ते त्यांनी पाठीमागं लपवलं. माझं काळीज टुणकन उडालं. मी ताईला कोपरानं ढोसलं. ताईनं मला ढोसलं, जास्त जोरात.

"ताई, तुम्ही. या ना. सासूबाई बाजारात गेल्यात."

"तुमच्या मागं काय आहे?" ताईनं विचारलं.

सूनबाईंचा चेहरा पडला. "त्यांना सांगणार नाही ना?"

"आधी बघू दे."

कापड सुटलं आणि आतून निघाली बंदुकीची नवी गवसणी. पडद्याच्या जाड कापडाची, आत कापूस भरून टाके घातलेली, उशीसारखी गुबगुबीत.

"डिकी मी आपटली, ताई. त्या दिवसापासून त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हटलं, नवा दस्ता होईस्तोवर ही शिवून ठेवावी. शनिवारी दुकानात माप घ्यायलाच गेले होते, पण उस्तादांना विचारायला धीर होईना."

"म्हणजे तुम्हाला घरात बंदूक नको, असं काही नाही?" मी मध्ये तोंड घातलं.

"नकोच आहे," त्या म्हणाल्या. "पण सासूबाई हव्यात. आणि त्या एकट्या येत नाहीत, बंदुकीसकट येतात."

ताईनं टाके निरखले, एका ठिकाणी दोरा ओढून बघितला आणि म्हणाली, "पक्के आहेत." तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पहिल्या वर्गात पास.

तिथून कप्तानांकडं. त्यांच्या घरी सगळं बोटीसारखं नीटनेटकं, वस्तू जागच्या जागी खिळवून ठेवल्यासारख्या. भिंतीवर त्यांची बंदूक. आत्याबाईंच्या बंदुकीची ती सख्खी जुळी बहीण, एकाच कारागिरानं एका जोडीत केलेली, फरक फक्त दस्त्याच्या वळणाचा. या जोडीवरून दोघांची आयुष्यभर थट्टा चाललेली. कप्तान त्यांना भर मैदानात म्हणायचे, "बाई, तुमची बंदूक वाट चुकलीय, उलटीकडं वळलीय." मग आत्याबाई चकती फोडायच्या आणि म्हणायच्या, "पोचली बघा."

"या या, ताई, इकडं बसा. इकडं," कप्तान म्हणाले आणि सोफ्याच्या आपल्या डाव्या अंगाला थोपटलं. मी दुसरीकडं बसलो. चहा आला. माझ्या बाजूला तिवईवर कप्तानांचा कप ठेवला होता, तो उचलायला ते गेले तर हात कपाच्या शेजारून गेला आणि बशी पालथी झाली.

घाबरलेत, मी मनात म्हटलं. चोराचे हात कापतातच.

"दस्ता गेला, कळलं ना?" ताई म्हणाली.

"कळलं. वाईट झालं. फार वाईट." कप्तान खरंच कळवळलेले दिसले. "मी मंडळाला सांगितलंय, सामना पुढं ढकला. बाई नसतील तर मला तो विजय नको. त्यांना हरवायचं तर त्यांच्या समोर."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "घे, कप्तानही सुटले. ज्याला न खेळता जिंकायचं नाही, तो कशाला चोरेल? उरला मेव्हणा."

ताई चालता चालता थांबली. "तू कधी कॉपी केली होतीस का रे?"

"मी? कधी नाही."

"खोटं बोलतोस. बरं, केली असतीस, तर शेजाऱ्याची उत्तरपत्रिका घरी घेऊन आला असतास का?"

"घरी कशाला? बघून लिहिली असती आणि झालं."

"तेच म्हणते मी. कागद कुणालाच नको असतो, उत्तर हवं असतं," ताई म्हणाली आणि पुढं चालू लागली. मला काही कळलं नाही, पण मी समजल्यासारखी मान हलवली. ती मला उपजत येते.

४

फर्निचरवाल्याच्या दुकानात शिरणं म्हणजे जंगलात शिरणं. पायाखाली पाय, डोक्यावर पाय, सगळे टेबलांचे. मेव्हणा रंधा मारत होता. रंध्यातून निघालेली साल इतकी लांब की तिचं एक टोक दुकानात आणि दुसरं रस्त्यावर, तिथं एक बकरी ते चघळत उभी होती.

"ताई, बसा," त्यानं एका आरामखुर्चीकडं बोट दाखवलं. "माझ्या स्वतःसाठी केलीय. विकायची नाही."

ताई बसली नाही, म्हणून मी बसलो. खुर्चीचा डावा हात चांगला सरळ होता. उजवा मात्र भलताच. पुढं बारीक, मागं जाड, वरून गोलसर आणि माझ्या कोपरापासून बाहेरच्या अंगाला किंचित वळलेला. कोपर ठेवला की घसरायचा.

"हा हात असा का?"

"उरलेला आहे. वाया कशाला घालवायचा, म्हणून लावला."

ताई वाकली. तिनं त्या हातावरून बोट फिरवलं, मागून पुढं, पुढून मागं. मग मला म्हणाली, "हा हात काढ आणि खांद्याला लाव."

"काढू कसा?"

"दोनच मळसूत्रं आहेत," मेव्हणा म्हणाला आणि त्यानंच काढून दिला. मी तो उजव्या खांद्याला लावला, गाल टेकवला. डोळा आपोआप त्याच्या रेघेत आला. खुर्चीचा हात बंदुकीचा दस्ता होता.

"आता याचा जोडीदार कुठाय?" ताईनं विचारलं. "डावा?"

मेव्हण्यानं रंधा खाली ठेवला. "गिऱ्हाईक घेऊन गेलं. काल संध्याकाळी. उजवा फुकट देत होतो, नको म्हणाला."

"गिऱ्हाइकानं दोन मागितले होते?"

"एकच. जुना आणून दिला, म्हणाला याची हुबेहूब नक्कल करा, आमच्या घरचीच वस्तू आहे. पण ताई, मला एक करताच येत नाही. सगळं आयुष्य खुर्च्यांचे हात, पलंगांचे पाय, कपाटांची दारं. कागदावर आकार काढला की माझा हात आपोआप कागद उलटा करून दुसरा काढतो. डावा केला की उजवा झालाच. सवयच आहे. मला मुलंसुद्धा जुळी झाली."

"आणि हा दस्ता कुणाचा, ते ओळखलं नाहीत?"

"आमचे भावोजी ओळखतात लाकडाला नावानिशी. मी नाही. कुणाचा आहे?"

ताईनं सांगितलं. मेव्हणा माझ्या खुर्चीवर बसला. मी अजून तिच्यातच होतो.

"नाव सांगा त्याचं," मी खालून म्हटलं.

"जबान दिलीय. कुणाला सांगणार नाही म्हणून." तो घामाघूम झाला होता. "आत्याबाईंनी आमच्या धाकट्याला पोहायला शिकवलंय. पण जबान ती जबान. मी आत्ता जातो आणि त्यालाच सांगतो, परत दे म्हणून."

"नका जाऊ," ताई म्हणाली. "तुमची जबान तुमच्यापाशी राहू द्या. उद्या सकाळपर्यंत मीच सांगते तुम्हाला नाव."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "फुशारकी मारलीस. तुला तरी कुठं माहितीय?"

"त्यानं कुठला ठेवला आणि कुठला नेऊ दिला, ते बघितलंस ना? गिऱ्हाइकाला डावा हवा होता. उजवा फुकट मिळत होता, तरी नेला नाही. भिंतीवर शोभेला टांगणारा माणूस जोडी नेईल. एकच नेतो तो वापरायला नेतो. आपल्या मंडळात डाव्या खांद्यानं बार कोण टाकतं?"

"एकट्या आत्याबाई."

"तेच तर. म्हणजे आता आणखी कुणीतरी टाकायला लागलंय."

५

सकाळी दूध आणायला निघालो तर समोरून कप्तान येत होते. मी खुशीत होतो. मेव्हण्याच्या त्या बकरीनं साल खात खात दुकानातलं स्टूल ओढून नेलं, ही गोष्ट मला कुणाला तरी सांगायची होती. मी जवळ जाऊन त्यांच्या डाव्या खांद्यावर जोरात थाप मारली.

"आई गं," कप्तान विव्हळले आणि खांदा धरून भिंतीला टेकले.

"लागलं?"

"नाही. संधिवात."

मी दूध न आणता घरी आलो. ताई पेपर वाचत होती. सांगितलं, तशी तिनं पेपर घडी करून ठेवला.

"कालपरवा संधिवात नव्हता," ती म्हणाली. "सोमवारी नवा दस्ता हाती आला. मग कुठंतरी लांब जाऊन त्यांनी बार टाकला असेल. बंदूक मागं लाथ मारते. उजवा खांदा मुरलेला आहे, डावा कोवळा. म्हणून तो काळानिळा झालाय."

"पण कप्तान तर उजवे. सगळ्या जगाला माहितीय."

"त्यांनी मला कुठं बसवलं?"

"डावीकडं."

"आणि तुझ्या बाजूचा कप?"

माझ्या डोक्यात उशिरा का होईना, दिवा लागला. तो कप उजवीकडं होता. त्यांचा हात कापला नव्हता, त्यांना कप दिसलाच नव्हता.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असणार," ताई म्हणाली. "उजव्या खांद्यावर बंदूक लावली तर उजव्याच डोळ्यानं बघावं लागतं. त्यांना चकती दिसत नाही. डावा डोळा चांगला आहे, म्हणून बंदूक डाव्या खांद्याला हवी, आणि त्यासाठी डावीकडं वळलेला दस्ता. दोन्ही बंदुका जुळ्या, म्हणून आत्याबाईंच्या दस्त्याची नक्कल त्यांच्या बंदुकीला बसेल. शनिवारी ती पेटी त्यांनी उस्तादांसमोर उघडली नाही, कारण आत बंदूक नव्हतीच. पेटी रिकामी आणली आणि भरून नेली."

"पण सरळ उस्तादांकडून डावा करून घ्यायचा ना. चोरी कशाला?"

ताई चपला घालत होती. "हे तू त्यांनाच विचार. आत्याबाईंनाही बोलावून घे. आणि येताना बिस्किटं आण."

६

कप्तानांनी आम्हाला तिघांना बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. आत्याबाई समोर बसल्या. ताई मुद्दाम कप्तानांच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिनं बिस्किटांची बशी त्यांच्या कानाजवळ धरली.

"घ्या ना, कप्तान," ती म्हणाली.

कप्तानांनी समोर बघितलं, आत्याबाईंच्या रिकाम्या हातांकडं. "कुठं?"

ताईनं बशी तशीच धरली. मग त्यांनी मान पूर्ण वळवली, नाकासमोर बशी बघितली आणि एक बिस्कीट उचललं. खाल्लं नाही. नुसतं हातात धरून बसले.

"पलंगाखाली आहे," ते म्हणाले.

मी वाकून काढलं. एका चादरीत दोन दस्ते निघाले. एक आत्याबाईंचा, जुना, चिरलेला. दुसरा मेव्हण्याचा, नवा कोरा सागवानी, आणि तोही मानेपाशी दोन तुकडे झालेला.

"पहिल्याच बाराला गेला," कप्तान म्हणाले. "खांदाही घेऊन गेला. शनिवारी नेला तेव्हा वाटलं, दिवसभरात नक्कल होईल आणि सोमवारी दुकान उघडायच्या आत खिडकीतून ठेवून देईन. तो फर्निचरवाला रविवारी दिवसभर नुसता दस्त्याकडं बघत बसला. नक्कल हाती पडेस्तोवर सोमवारची संध्याकाळ, आणि तोवर बोंब झाली होती. मग ठेवायची हिंमत होईना."

"मागितला असतात तर मी दिला नसता का?" आत्याबाई म्हणाल्या.

"दिला असतात. आणि सगळ्या मंडळाला सांगितलं असतंत."

"सांगितलं असतंच."

"मग. जन्मभर तुम्हाला डावरी डावरी म्हणून चिडवलं. आता कुठल्या तोंडानं म्हणू, बाई, मलाही डावं व्हायचंय, जरा शिकवा? उस्तादांना सांगितलं असतं तर तासाभरात याला कळलं असतं." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. हे अन्यायाचं होतं. मला अर्ध्या तासात कळलं असतं.

आत्याबाईंनी आपला जुना दस्ता मांडीवर घेतला. अंगठा फिरवून बघितला, जिथं डॉक्टरांनी घासलं होतं तिथं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या, इतक्या की ताईला त्यांना पाणी द्यावं लागलं.

"फेरीबोटीच्या कप्तानानं," त्या श्वास घेत म्हणाल्या, "दिवसाढवळ्या, पेटीत घालून, सरपण चोरलं."

दुपारपर्यंत दोन्ही दस्ते उस्तादांच्या टेबलावर होते. उस्तादांनी सागवानी तुकडे जुळवून बघितले, उजेडात धरले आणि मेव्हण्याला बोलावणं पाठवलं. तो दारातच उभा राहिला.

"आकार बरोबर आहे," उस्ताद म्हणाले. "केसाचा फरक नाही. पण लाकडाच्या रेषा मानेतून आडव्या गेल्यात. खुर्चीला चालतं, तिथं माणूस नुसता बसतो. बंदूक लाथ मारते. रेषा मानेतून लांबोळी हव्यात."

"कुणी सांगितलं असतं तर केल्या असत्या," मेव्हणा म्हणाला.

"आता सांगितलं ना. ती कानस घे. रविवार जवळ आलाय."

दोघं मेव्हणे शनिवार संध्याकाळपर्यंत त्या अक्रोडाच्या ठोकळ्यावर राबले. एकानं माप सांगायचं, दुसऱ्यानं घासायचं, दोघांनी भांडायचं. आत्याबाई दिवसातून तीनदा येऊन गाल लावून जायच्या. शेवटच्या वेळी त्यांनी डोळे मिटून गाल टेकवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. "कुठं टोचतंय?" उस्तादांनी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

रविवारी मैदान भरलं. गुबगुबीत गवसणीतून बंदूक बाहेर आली, सूनबाई गवसणी घेऊन मागं उभ्या राहिल्या. कप्तान पांढऱ्या कपड्यांत आले होते, पण हात रिकामे. उजव्या खांद्यानं जमत नव्हतं आणि डावा दस्ता नव्हता. मंडळाच्या चिटणीसांनी आत्याबाईंना विजयी जाहीर करायला तोंड उघडलं.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "माझी बंदूक डावी, हेही आता डावे. एकाच बंदुकीनं आळीपाळीनं खेळू. मापात फार फरक नाही. यांचा गाल जरा गुबगुबीत आहे, तेवढा आत घेतील."

कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या. चिटणीसांनी तोंड मिटलं.

आत्याबाईंच्या पहिल्या चकत्या फुटल्या. कप्तानांची पहिली गेली, दुसरी गेली. तिसरी वेळ आली तेव्हा आत्याबाईंना राहवेना. "अहो, गाल लाकडाला चिकटवा. रुसल्यासारखे लांब काय राहता? आणि चकतीच्या मागं नका धावू, तिच्या पुढं जा. फेरीबोट धक्क्याला लावताना काय करायचात?"

कप्तानांनी गाल चिकटवला. चकती अशी फुटली की तिची धूळ उडून चिटणीसांच्या चहात पडली. मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. आत्याबाईंच्या तीन चकत्या वाऱ्यानं ऐन वेळी खाली घेतल्या, कप्तानांची एकही वाया गेली नाही. शेवटचा बार झाला तेव्हा कप्तान एका चकतीनं पुढं होते.

  कप्तानांनी बंदूक उघडून रिकामी केली आणि दोन्ही हातांनी आत्याबाईंना परत दिली.

आत्याबाईंनी ती सूनबाईंकडं दिली, कपाळावरचा घाम पुसला आणि गर्दीत उस्तादांना शोधलं.

"उस्ताद, कप्तानांसाठी एक डावा दस्ता करा. अक्रोडाचा, रेषा लांबोळ्या," त्या म्हणाल्या. मग जरा जवळ जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "चांगला करा. पण फार चांगला नको."